ऐकेपर्यंत सुतक नाही

आमच्या गास गावच्या पोरींना खो-खो शिकवायला कोणी लागत नाही, असं मी म्हणायचे. केळीच्या ओळींमधून पळतच मोठ्या झाल्या त्या, त्यांना हुलकावणी द्यायला काय शिकवणार? मला वाटतं ते मी बोलून टाकते. भावकीत माझं नावच तोंडाळ म्हणून आहे, त्याला आता इलाज नाही.

शाळा नवी होती. पत्र्याची शेड, पुढे एक फणस, आणि दहावीची पहिली तुकडी अजून बसायची होती. आजूबाजूच्या गावांतल्या शाळांना हरवून हरवून पोरी माजल्या होत्या. माझी रुचिता त्यात होती, आणि भालचंद्रभाऊजींची विनया. भाऊजी माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. दोन घरांच्या मध्ये एक मेंदीचं कुंपण, तेही कोंबड्यांनी पार पोखरून टाकलेलं. पोरी सकाळी कुठल्या घरात चहा प्यायल्या हे विचारायची पद्धत आमच्यात नव्हती.

सत्त्याण्णव साली तालुक्याचे सामने माणिकपूरला झाले आणि स्टेशनकडच्या, नव्या वसाहतींमधल्या मोठ्या शाळा त्यात उतरल्या. त्यांच्या पोरींच्या पायांत बूट, गुडघ्यांना पट्टे, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. आमच्या पोरी अनवाणी, शाळेच्या स्कर्टखाली भावांच्या अर्ध्या चड्ड्या घातलेल्या. पलीकडची एक मुलगी दुसरीला म्हणाली, "ये लोग ऐसेही खेलेंगे क्या?" ते आमच्या ग्रेसीने ऐकलं. ग्रेसी म्हणजे कोपऱ्यावरच्या रॉबर्टची मुलगी. तिथंच तिचा पाय डगमगला असं ती म्हणते.

डावाने हरलो. विनयाने खांबावर सूर मारला तर कोपरापासून मनगटापर्यंत साल निघाली. मैदान दगडासारखं टणक, आणि आमच्या पोरींना वाडीच्या मऊ मातीत पडायची सवय.  दुसऱ्या दिवशी विनया आईबरोबर तगरीच्या कळ्या खुडायला वाडीत गेली, तर चीक जखमेत जाऊन डोळ्यांतून पाणी काढत होता. हंसा, तिची आई, म्हणाली, "राहू दे, मी खुडते." विनया म्हणाली, "आजी बघेल." आणि खुडत राहिली.

आजी म्हणजे रखमाकाकी. भाऊजींची आई, माझी चुलतसासू. तिला सगळं दिसायचं. तिने विनयाला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि खोबरेल लावताना म्हणाली, "कोन म्हनालं तुला आपटायला? पळायचं सोडून आपटतात काय?"

"सूर मारायला लागतो आजी. त्याशिवाय त्या हाताला लागत नाहीत."

"मग नीट मार."

प्रल्हाद सर खेळाचे मास्तर. देशावरचा माणूस, नालासोपाऱ्यात खोली घेऊन राहायचा, लग्न व्हायचं होतं. आठवडाभर त्यांनी तोंड दाखवलं नाही. मग एके संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. पोरी खेळायच्या ती जागा रखमाकाकीचीच होती. तिथं तिची चाफ्याची वाडी होती. पलीकडच्या बाजूला टँकरवाल्यांनी पंप बसवले, बिल्डिंगांना गोडं पाणी न्यायला लागले, आणि आमच्या विहिरी मचूळ होत गेल्या. चाफ्याची पानं कडेने करपली, मग झाडं गेली. भाऊजींनी ती तोडली तेव्हा काकी घरातून बाहेर आली नव्हती. मोकळ्या जागेत पोरी खेळायला लागल्या, म्हणून निदान तिकडे बघवत तरी होतं तिला.

सर म्हणाले, "आजी, या मातीत खेळून चालणार नाही. पुढं सगळी मैदानं टणक आहेत. मुरूम टाकून धुमसून घ्यायला पाहिजे."

भाऊजींनी मान खाली घातली. त्यांना हे आधीच माहीत होतं, पण आईला विचारायची छाती झाली नव्हती. मुरूम पडला की ती वाडी संपली. विहीर उद्या गोडी झाली तरी तिथं काही उगवणार नाही.

काकीने त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग म्हणाली, "टाका. पानी तर गेलंच. पोरी तरी वाढू देत त्या जाग्यावर."

हे ती सहज बोलली असं कोणी समजू नये. रॉबर्टने टेम्पोतून मुरूम आणून ओतला, आम्ही बायकांनी घमेल्यांनी पसरला. पुरुष धुमस घेऊन ठोकत होते, मागून पोरी पाणी शिंपडत होत्या. पाठीचे काटे ढिले झाले. काकी ओट्यावर भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसली होती. धुमस पडला की तिचा हात थांबायचा. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "ठेव तिथं," आणि तो तसाच निवून गेला.

त्या मुरमावर पोरींनी वर्षभर ढोपरं फोडून घेतली. आधी सूर मारायला भीत, मग मारायला लागल्या. सरांनी गोण्यांमध्ये भुसा भरून खांबापुढे टाकला, पुढे तोही काढून घेतला. साखळीत पळायचं, खो दिल्यावर मागे वळून बघायचं नाही, हे सगळं नव्याने शिकवलं. आपल्याला सगळं येतं हे डोक्यातून जायलाच त्यांना पावसाळा लागला. विनया पहाटे आईबरोबर कळ्या खुडायची, उजाडता उजाडता मैदानावर असायची, तिथून शाळेत. हंसा एकटीने टोपल्या बांधायची. एकदा मी म्हटलं, "अगं, पोरीला किती मोकळं सोडलंयस?" तर हंसा म्हणाली, "ताई, ती पळताना बघितलीत का तुम्ही?" मी बघितली होती.  काकी मात्र रोज बघायची. ओट्याच्या टोकाला बसून एकेकीला नावाने शिव्या घालायची आणि विनया बाद झाली की पदराने तोंड पुसायची, जशी काही तीच पळत होती.

अठ्ठ्याण्णव साली तालुक्याला त्याच पोरींना हरवलं. बूटवाल्यांना. मी तिथं होते, माझा घसा आठवडाभर बसला होता.

जिल्ह्याचे सामने ठाण्याला, कार्तिकात. एक रात्र मुक्काम. तोवर काकीला दम लागायला लागला होता. सोपाऱ्याच्या डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवा म्हणून सांगितलं, ती ऐकेना. निघायच्या दिवशी विनया तिच्या खाटेपाशी बसून राहिली, उठायलाच तयार नाही. बाहेर रॉबर्टचा टेम्पो उभा, पोरी आत बसून हाका मारतायत.

"मी नाही जात आजी."

"जा की. मी कुठं पळतेय? पळायचं काम तुझं."

विनया हसली आणि गेली. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, म्हणून सांगते.

त्या दिवशी दिवेलागणीला वाण्याच्या दुकानात फोन आला, पोरी फायनलला गेल्या. भाऊजी पळत घरी आले, आईच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं. तिला किती कळलं देव जाणे. त्याच्या आधीपासून तिचं एकच चाललं होतं. "विनी आली?" हंसा म्हणायची, येतेय. थोड्या वेळाने पुन्हा, "विनी आली?" श्वासाला श्वास लागत नव्हता, पण तेवढं म्हणायला पुरत होता. हंसा म्हणाली, "अहो, गाडी पाठवा, पोरीला आणा." भाऊजी म्हणाले, "सकाळपर्यंत काढेल ती. फायनल झाली की येईलच."

तिने सकाळ काढली नाही. पहाटे गेली.

हंसाने हंबरडा फोडायला तोंड उघडलं आणि भाऊजींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. मी उशाशी होते. असलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"रडायचं नाही," ते म्हणाले. "कोणी रडायचं नाही."

भावकीतले नाना आले. ते सगळ्यांत मोठे. भाऊजी त्यांच्या पायांशी बसले. बारा पोरींतल्या आठ आमच्या भावकीच्या. एकीला कळलं की आठींना सुतक. सुतकातल्या पोरींनी खो-खो कसा खेळायचा? सगळा खेळच हात लावायचा. पाठीला हात लावून खो द्यायचा, समोरच्या पोरीला हात लावून बाद करायचं. भाऊजी म्हणाले, "नाना, ऐकेपर्यंत सुतक नाही, हे तुम्हीच सांगता ना? मग दुपारपर्यंत पोरींच्या कानावर जाऊ नये, एवढंच. रड ऐकली की गावात पसरेल, कोणीतरी वाण्याकडून ठाण्याला फोन लावील."

नाना म्हणाले, "आईचं मुख नातीला दाखवायचं नाही?"

"आईनेच पाठवलंय तिला."

"आणि देह किती वेळ ठेवणार?"

"ठेवायचा नाही. उरकून घेऊ."

नानांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. आमच्याकडे अशाने हो होतं.

तर आम्ही रडलो नाही. आंघोळ घातली, लुगडं नेसवलं, कुंकवाशिवायच्या त्या कपाळाला हात लावून पाया पडलो, सगळं दातांवर दात दाबून. बाहेरून कोणी आलं की हंसा दारातच बोट ओठांवर ठेवायची. काकीची मुलगी आगाशीहून धावत आली. अंगणात रडणं नाही बघून तिला वाटलं, आई आहे. "बरं वाटतंय ना गं?" म्हणतच ती आत शिरली. मग तिचंही तोंड आम्ही दाबून धरलं. माझ्या तळहाताला तिचे दात लागले. स्वतःच्या आईसाठी रडू न देणं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तेव्हा विचारायला हवं होतं कोणीतरी. आम्ही सगळ्या संघातल्या रुचिताच्या, विनयाच्या, अनुष्काच्या आया होतो. आम्हालाही ती फायनल हवी होती.

ऊन चढायच्या आत काकीला नेली. ज्या जागी ती गेली तिथं जमीन सारवून दिवा लावला, भोवती तांदळाचं पीठ पसरलं. तिसऱ्या दिवशी त्या पिठावर कसलं पाऊल उमटतं ते बघायची आमची रीत. माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं म्हणतात.

एवढं सगळं भाऊजींनी ठरवलं आणि एकच गोष्ट ठरवायची राहिली. पोरींना सांगायचं कोणी, आणि कुठं? रॉबर्ट टेम्पो घेऊन तिकडेच थांबलेला, त्यालाही पत्ता नाही. आम्हाला वाटलं, चर्चच्या कोपऱ्यावर त्याच्या बायकोचं, मटिल्डाचं घर, टेम्पो तिच्या दारावरूनच येणार, नवऱ्याला थांबवून ती सांगेल. मटिल्डाला वाटलं, घरचं मरण, घरचे लोक नाक्यावर उभे असणार. आपण मधे कशाला पडा? नाक्यावर कोणीच नव्हतं.

दुपार कलली आणि लांबून आरोळ्या ऐकू यायला लागल्या.

"जिंकली कोण? गासची शाळा!"

रॉबर्ट हॉर्न वाजवत होता. पोरी टेम्पोच्या फळीवर उभ्या, गुलालाने लाल. घराघरांतून लोक बाहेर येऊन नुसते उभे राहिले. कोणी हात हलवला नाही. पोरींना वाटलं, लोक बघायला आले. प्रल्हाद सर पुढे बसले होते. त्यांना अंगणातला धोतरं नेसलेल्या, उघड्या अंगाच्या पुरुषांचा घोळका दिसला आणि ते चालत्या टेम्पोतून उतरले. पण विनया त्यांच्याही आधी उतरली. गळ्यात पदक, हातात चप्पल. ती पुढच्या दाराला आलीच नाही. नेहमीसारखी मागच्या दाराने, पडवीतून, "आजी, ऊठ, हे बघ काय आणलंय," करत पळत खाटेच्या जागी गेली.

खाट नव्हती. दिवा होता. ती दिव्याला अडखळता अडखळता थांबली, तोवर तिचे दोन्ही पाय पिठात गेले होते.

मी आणि हंसा तिथंच भिंतीला टेकून बसलेल्या. तिने आमच्याकडे बघितलं, मग खाली पिठाकडे, मग पुन्हा आमच्याकडे. गळ्यातलं पदक हातात धरून ठेवलेलं. कोणी काही सांगायची गरज राहिली नाही. बाहेर रुचिताला कोणीतरी सांगितलं असावं, कारण तिचं ओरडणं ऐकू आलं, आणि मग दाबून ठेवलेल्या सगळ्या बायका एकदम सुटल्या. विनया मात्र रडली नाही. ती हळूच मागे आली आणि पाय न पुसता आईजवळ बसली.

पीठ कोणी झाडलं नाही, नवंही पसरलं नाही. तिसऱ्या दिवशी नाना बघायला आले, बघून गेले.

पोरी आल्या त्याच संध्याकाळी प्रल्हाद सर पुन्हा आले. सुतकाच्या घरचं पाणीही न घेता अंगणातच उभे राहिले. आमच्या भाऊजींना पुढचं ठाऊक नव्हतं आणि सरांना आमच्या घरातलं ठाऊक नव्हतं, ही खरी रड. जिल्हा जिंकला की पुढे विभागीय स्पर्धा. ती अलिबागला, त्याच आठवड्यात. म्हणजे सुतक फिटायच्या आत. एक फायनल वाचवायला आईचं मरण झाकलं, आणि त्या फायनलने पोरींना जिथं नेलं तिथं जायची वाट त्याच मरणाने अडवली. आता तर सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

"पोरी गेल्या नाहीत तर ठाण्याची शाळा जाईल आपल्या जागी," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण बोलणं भाग होतं. "तिथून राज्याचा संघ निवडतात. विनयाचं नाव त्यांनी कालच विचारून घेतलंय. ही संधी परत यायची नाही, भाऊ. पुढच्या वर्षी दहावी."

भाऊजी नानांकडे बघायला लागले. नाना म्हणाले, "एकदा केलंस ते पोटात घातलं. आता तू आणि तुझी पोर. मी हो म्हणणार नाही, आडवाही येणार नाही. बाकीच्यांच्या आयांना विचार."

आम्हाला विचारलं. मी सांगितलं, विनया गेली तर रुचिता जाईल. बाकीच्याही तेच म्हणाल्या. विनया नसली तर तो संघ संघच नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. भाऊजींच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. केस काढलेलं डोकं, खांद्यावर पंचा. मुलीला हाक मारून म्हणाले, "विनी, जायचं अलिबागला. आजीलाही तेच आवडलं असतं."

विनया दाराशी येऊन उभी राहिली. पायांवर गुलालाचे डाग तसेच होते.

"बाबा, आजीने मला हाक मारली होती?"

"नाही गं. झोपेतच गेली ती. शांत."

अंगणात आम्ही सगळ्या होतो. त्या रात्री उशाशी ज्या ज्या होत्या, त्या सगळ्या. विनयाने आमच्याकडे एकेकीकडे बघितलं. मी, जिला गाव तोंडाळ म्हणतं, मी खाली बघितलं. पोरीचं भलं होतंय तर होऊ दे, असं वाटलं मला. मरणाऱ्याचं काय, ते गेलं.

हंसा म्हणाली, "मारली होती."

"हंसा," भाऊजी म्हणाले.

"दिवे लागल्यापासून मारत होती. विनी आली का, विनी आली का. पहाटे आवाज गेला तरी ओठ हलत होते. मी म्हटलं गाडी पाठवा. तुझ्या बाबांनी पाठवली नाही."

 सर कुंपणाकडे बघत उभे होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, गरिबाला.

विनया बापाजवळ आली नाही आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने गळ्यातलं पदक काढून सरांच्या हातात दिलं.

"सर, अलिबागला माझं नाव देऊ नका. पुढंही नको."

"विनया, आता असं ठरवू नको. दोन दिवस जाऊ दे."

"मला तिच्याजवळ राहायचं होतं. मी विचारलं होतं तिला. तिने जा म्हटलं म्हणून गेले." आवाज चढला नव्हता, जरा बसला होता, ठाण्याला ओरडून ओरडून. "नंतर तिने परत बोलावलं, ते मला कोणी सांगितलं नाही. मी आता मैदानावर पळायला लागले की मला तेच ऐकू येणार."

ती आत गेली. आईने टाकलेल्या चटईवर भिंतीकडे तोंड करून निजली. रुचिता तिच्यामागे जायला निघाली तर मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. माझ्या पोरीचाही खेळ त्या घडीला संपला होता. तिला ते कळलं होतं, पण ती त्यासाठी रडत नव्हती.

सर पदक ओट्यावर ठेवून गेले. नाना उठले, बाकीचे पुरुष उठले. भालचंद्रभाऊजी तिथंच उकिडवे बसले होते. आई गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता, अग्नी देतानाही नाही. आता त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढून तोंडात कोंबला आणि रडायला लागले. आवाज बाहेर येऊ नये म्हणून त्यांचं अंग हलत होतं. हंसा उंबऱ्यात उभी होती. ती त्यांच्याजवळ गेली नाही, आणि आमच्यातलंही कोणी गेलं नाही.